वजनाचे ऑपरेशन : आधीचे आणि नंतरचे दिवस

वजन घटवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करण्याचा इतिहास जेमतेम सत्तर वर्षांचा आहे. अतिस्थूलतेला रोग मानण्याची परंपरा मात्र फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय ज्या आठ निंदित देहांबद्दल बोलतो, त्यांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश यांचीच चर्चा तिथे खरी सविस्तर आहे. उपाय सांगितले आहेत ते जव, मध, व्यायाम आणि जागरणाचे. सुश्रुतसंहितेत आतडे शिवण्याची रीतही आढळते. पण वजनासाठी निरोगी जठराला किंवा आतड्याला हात लावावा, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी फारसा केला नव्हता.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर केलेले प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास माणसांवरही आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आखूड वाट करून देणारे ऑपरेशन होऊ लागले. वजन भराभर उतरे. त्यासोबत न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी आणि काही जणांत यकृताचा ऱ्हासही येई. १९८०च्या आसपास ही पद्धत मागे पडली. तिने शिकवलेला धडा महागडा होता. ऑपरेशन यशस्वी झाल्यावर वर्षानुवर्षे रोग्याच्या रक्ताची तपासणी करणारे कोणी नसेल, तर तेच यश त्याच्या जिवावर उठते. पुढची सगळी पथ्ये आणि तपासण्यांची वेळापत्रके याच अनुभवातून आली.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी काढली. पोटातल्या अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन घटते, हे त्यांच्या लक्षात आले होते. चिकाशी इटो यांच्यासह १९६७ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपासची माहिती प्रसिद्ध केली. जठराची छोटी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडायची, अशी ही रचना. पोटावर लांब छेद, बरेच दिवस रुग्णालयात मुक्काम आणि जाड पोटावरच्या जखमेत होणारा हर्निया, हे तेव्हा गृहीतच असे. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हाच बायपास दुर्बिणीतून केल्याचे जाहीर केले आणि छेद बोटाच्या पेराएवढे झाले. जठराचा बराचसा भाग कापून त्याची केळ्याच्या आकाराची नळी ठेवणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया आधी एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होती. एवढ्यानेच पुष्कळांचे भागते असे दिसल्यावर ती स्वतंत्र झाली. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानमध्ये १९९९ साली सापडले. ते मुख्यतः जठराच्या याच कापून टाकल्या जाणाऱ्या भागात तयार होते. त्यामुळे स्लीव्हनंतर भूक का मंदावते, याचा काही अंशी उलगडा झाला.

भारतात या शस्त्रक्रियेची पायवाट दुर्बिणीनेच पाडली. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातले पहिले दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन केले, आणि त्यानंतरच्या पिढीतल्या शल्यविशारदांनी मुंबई-पुण्यात वजनाच्या शस्त्रक्रियांकडे मोर्चा वळवला. सामान्य मराठी घरात हा विषय पोचला तो बातम्यांतून. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७च्या फेब्रुवारीत सुमारे पाचशे किलो वजनाच्या एका इजिप्शियन महिलेला विमानाने मुंबईत सैफी रुग्णालयात आणले गेले. मार्चमध्ये ऑपरेशन झाले, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. क्रेन आणि खास पलंगाची छायाचित्रे लोकांच्या ध्यानात राहिली. आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांचे काम त्यात झाकले गेले.

त्याआधीच पुण्यात एक वेगळा, कमी गाजलेला पण जास्त मोलाचा शोध चालू होता. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीय मूल जन्मतः हडकुळे दिसले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अशाच पुराव्यांमुळे २००९च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली गेली. अमेरिकेत १९९१ पासून ४०, किंवा सोबत मधुमेहासारखे आजार असल्यास ३५ बीएमआय अशी अट होती. भारतासाठी ती अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ ठरली.

मुंबईला लागून असलेल्या मीरा-भाईंदरला हे सारे उशिरा आले, कारण शहरच नवे आहे. मिठागरे, भातशेती आणि उत्तन-चौक-पाली-डोंगरीची कोळी वस्ती असलेल्या या पट्ट्यात १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महापालिका. २००१च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. मोठे ऑपरेशन म्हणजे लोकल पकडून मुंबई, असा इथला जुना शिरस्ता. १९९८ मध्ये मीरा रोडला भक्तिवेदांत रुग्णालय सुरू झाले, पुढे मोठ्या खासगी साखळीतले रुग्णालयही आले. भाईंदर पश्चिमेला टेंभा म्हणून ओळखले जाणारे सार्वजनिक रुग्णालय पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने चालते. तरी वजनाच्या ऑपरेशनचा फार थोडा काळ रुग्णालयात जातो. दुर्बिणीनंतर मुक्काम दोन-तीन दिवसांवर आला आणि उरलेले काम घरावर पडले. म्हणून इथल्या घरांत काय शिजते आणि काय वर्ज्य आहे, हा प्रश्न वैद्यकीय होतो.

पूर्वतयारी सुरू होते ती तपासण्यांनी: साखर, थायरॉइड, हृदय, एंडोस्कोपी, आणि घोरणाऱ्यांसाठी झोपेची चाचणी. झोपेत श्वास अडत असेल तर भूल धोक्याची ठरते. अशांना मास्कचे यंत्र आधीच लावायला शिकवतात. तंबाखू आणि सिगारेट काही आठवडे आधी बंद. शेवटचे दोन ते चार आठवडे अगदी कमी उष्मांकांचा, पुष्कळदा द्रव आहार दिला जातो. त्याचा हेतू थोडे वजन उतरवण्याहून वेगळा आहे. चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो आकसला की दुर्बिणीला जागा मिळते. ‘ऑपरेशनच्या आधी एकदा मनसोक्त जेवून घे’ हा नातेवाइकांचा सल्ला म्हणूनच सर्वांत घातक.

नंतरच्या काळजीत जुने संस्कार आणि नवे शास्त्र यांची गाठ सारखी पडते. टाके सुटतील म्हणून पडून राहावे, ही समजूत घट्ट आहे. इथे मात्र पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी चालवतात. नाडी सतत १२० च्या वर राहिली तर शिवणीतून गळती होत असल्याची शंका घेऊन धावपळ करावी लागते. अशक्तपणा जावा म्हणून शिरा किंवा डिंकाचे लाडू देणेही चुकते. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरली की घाम, धडधड आणि चक्कर येते. सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे मुगाचे कढण, वरणाचे पाणी, ताक, प्रथिनांची भुकटी. मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. उत्तनच्या कोळी घरात ताज्या बोंबलाचा मऊ, तिखट नसलेला कालवणाचा तुकडा हे काम सहज करतो. भाईंदरच्या जैन घरात ते डाळ, पनीर आणि भुकटीवर चालवावे लागते.

खरी अडचण पाण्याची. इतक्या लहान पोटात घटाघटा पाणी मावत नाही. दिवसभर घोट घोट घेऊन दीड-दोन लिटर भरायचे, तेही जेवणाच्या आगेमागे अर्धा तास सोडून. चौविहार पाळणाऱ्या जैनाला सूर्यास्तानंतर पाणीही नाही, आणि मीरा रोडच्या नया नगरमधल्या रोजेदाराला रमजानात दिवसा नाही. पर्युषणातल्या लागोपाठच्या उपवासांचेही तसेच. निदान पहिल्या वर्षी सूट घ्यावी की नाही, हे डॉक्टर आणि धर्मगुरू दोघांशी ऑपरेशनपूर्वीच बोलून ठरवलेले बरे. जिलेटिनच्या कॅप्सूल प्राणिज असतात. शाकाहाऱ्यांना त्यांच्या जागी गोळ्या, थेंब किंवा इंजेक्शन मागता येते.

जीवनसत्त्वांचा प्रश्न आयुष्यभराचा. याज्ञिक यांच्याच गटाला २००६ मध्ये पुणे परिसरातल्या निरोगी पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले होते. म्हणजे रोगी ऑपरेशन टेबलावर पोचतो तोच रिकामा साठा घेऊन. त्याची भर आधीच घालावी लागते. नंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्यासह ती चालूच ठेवायची. सतत उलट्या होत राहिल्या तर ब-१ संपून मेंदूला इजा होऊ शकते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, आणि स्त्रियांना साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात.

खर्चाच्या बाजूने २०१९ मध्ये बदल झाला. विमा नियामकाने वगळण्याच्या कलमांना एकच मसुदा ठरवून दिला. त्यानुसार वय १८ पूर्ण आणि बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असेल आणि सौम्य उपाय फसलेले असतील, तर लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया वगळलेल्या उपचारांत धरली जात नाही. भारतीय देहासाठी भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेली ३२.५ची रेषा या मसुद्यात नाही, आणि ही विसंगती समर्थनीय नाही.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विक्रीस आली. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात; रात्रभर उपाशी राहूनही भूल देताना पोटात अन्न उरलेले असू शकते आणि ते श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. असे इंजेक्शन चालू असलेल्या कोणीही, ऑपरेशन वजनाचे असो वा हर्नियाचे, ते भूलतज्ज्ञाला आधी सांगावे.