डोव्हरच्या कड्यावरून दिसणारे खेचरवाले

डोव्हर शहरातून पूर्वेकडची चढणीची पायवाट धरली की थोड्याच वेळात बंदर पायाखाली येतं. बोटी खेळण्यातल्या वाटू लागतात. बुटांना पांढरी भुकटी चिकटते, कारण शंभर मीटर उंचीचा हा अख्खा कडा खडूचा आहे. समोर जेमतेम ३३ किलोमीटरवर फ्रान्स. हवा स्वच्छ होती, पलीकडचा किनारा दिसत होता. माझा मोबाइल तर फ्रान्सचं नेटवर्क पकडून घड्याळ तासभर पुढे नेऊन बसला!

इथल्या किल्ल्याखाली, कड्याच्या पोटात बोगदे आहेत. तिथून व्हाइस अ‍ॅडमिरल रॅमसे यांनी १९४० साली डंकर्कची माघार हाताळली. २६ मे ते ४ जून या काळात ३ लाख ३८ हजारांवर सैनिक सुटून आले. हा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. त्यांत हिंदुस्थानी मुसलमानही होते, हे किती जणांना माहीत आहे?

ब्रिटिश फौजेने जनावरं सोडून मोटारी घेतल्या होत्या. फ्रान्सच्या बर्फात नि चिखलात मोटारी अडणार, तेव्हा खेचरं आठवली. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून ‘फोर्स के-६’ निघाली; खेचरांच्या चार कंपन्या, बहुतेक माणसं पंजाबी मुसलमान. मार्सेयला उतरून ती उत्तरेकडे गेली. पाच महिन्यांनी जर्मन फौजा चालून आल्या. एक कंपनी कैद झाली, बाकीच्यांना किनारा गाठायचा हुकूम मिळाला. बोटीत जागा फक्त माणसांना होती. महिनोन्‌महिने ज्यांचं दाणापाणी केलं, ती खेचरं मागेच सोडावी लागली. खेचर सांभाळणाऱ्याला हा हुकूम काय वाटला असेल, ते त्याच्या जातीचा माणूसच जाणे.

या तुकडीतले मेजर मोहम्मद अकबर खान पुढे पाकिस्तानी सैन्यातले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी झाले. साध्या जवानांच्या वाट्याला मात्र विस्मरण आलं. इंग्रजांसाठी ते काळे, स्वतंत्र भारतासाठी इंग्रजांचे नोकर, आणि फाळणीनंतर त्यांची गावं बहुतेक सीमेपलीकडे. २०१७ च्या ‘डंकर्क’ सिनेमातही ते नव्हते, त्यावर टीका झालीच.

सुटून आलेले हे लोक पुढची काही वर्षं ब्रिटनमध्येच राहिले. काही तिथेच वारले. स्कॉटलंडमधल्या किंग्यूसी गावच्या दफनभूमीत त्यांच्यापैकी नऊ जणांच्या कबरी आहेत. फातिहा पढायला पुढच्या खेपेस तिकडे जायचं ठरवलं आहे.