फुलपाखरं मोजायची कशी? एक सापळा आणि एक पायवाट

आजचा प्रश्न साधा आहे. फुलपाखरांच्या जाती जास्त कुठे, दाट जंगलात की सव्हानात, म्हणजे विखुरलेल्या झाडांच्या गवताळ माळावर?

उत्तर बरंचसं मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. १९६४ साली रायडन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या सापळ्यांवर लेख लिहिला. जाळीचं उभं नळकांडं, वरून बंद. खाली थोडी फट ठेवून टांगलेली थाळी, तिच्यात सडकं केळं. फुलपाखरू खातं, वर उडतं आणि अडकतं. जंगलात उंच शेंड्यावर राहणाऱ्या जाती अशाच हाती लागतात. पण फक्त फुलांवर जगणाऱ्या जाती केळ्याकडे फिरकतच नाहीत.

दुसरी पद्धत इंग्लंडची. मंक्स वूडमध्ये अर्नी पोलार्ड यांनी नियम बसवला: ठरलेली वाट, दर आठवड्याला, चांगल्या हवेत चालायची आणि ५ मीटरच्या पट्ट्यात दिसतील तेवढी मोजायची. १९७६ पासून ब्रिटनमध्ये अशी मोजणी चालू आहे. माळावर हे झकास जमतं. जंगलात मात्र शेंड्यावरची फुलपाखरं नजरेतून सुटतात.

म्हणजे बघा, एकच पद्धत दोन्हीकडे लावली की एका बाजूवर अन्याय ठरलेला. चुकीच्या जागी सेन्सर बसवून 'डेटाच नाही' म्हणण्यासारखं! आपल्याकडे तर माळरानाला सरसकट 'पडीक' म्हणायची सवय. नीट न मोजताच ते रिकामं ठरवलं, तर ते वाचवायला कोण येणार?