बारावी की सीईटी? हा पेच आला कुठून?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. कुठल्याही तालुक्यात जा, बारावी विज्ञानाला असलेली आपली मुलं-मुली एकच प्रश्न विचारतात: आधी बोर्डाचा अभ्यास करायचा की सीईटीचा? आमचे म्हणणे असे की, हा पेच मुलांच्या हुशारीतून आलेला नाही. तो धोरणांनी घातला आहे. त्याचा इतिहास कळला की अभ्यासाची दिशाही सापडते.

तंत्रशिक्षणाची मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाईसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, आणि विज्ञानाचे खर्चिक शिक्षण सरकारी मदतीशिवाय आपल्या समाजाला झेपणार नाही, हे त्यांनी ठणकावून मांडले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला मात्र १९७३ साल उजाडले.

आता राज्याचे पाहू. २००३ पर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. २००४ पासून सीईटी आली. २०१४ आणि २०१५ मध्ये सीईटी बाजूला सारून निम्मे वजन जेईई मेनला आणि निम्मे बारावीला दिले गेले. २०१६ ला पुन्हा सीईटी. केंद्रातही तोच खेळ झाला: २०१३ ते २०१६ जेईईच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून ते काढले.

दर वेळी नियम बदलले, आणि नवा नियम आधी कळला तो शहरातल्या महागड्या क्लासला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा आजही केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथल्या शेतमजुराच्या मुलीने अकोला, लातूर किंवा कोट्याची फी कुठून आणायची? म्हणून गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना आम्ही विचारतो, शर्यतीची सुरुवात सगळ्यांची एकाच रेषेवरून होते का?

पण प्रश्न विचारून थांबता येत नाही. परीक्षा समोर आहे, तेव्हा तिचे गणित ओळखा.

सीईटीत सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. म्हणजे बोर्डाचे पुस्तक हेच सीईटीचेही पुस्तक आहे. एक धडा घ्या, त्याची सविस्तर उत्तरे लिहा, आणि त्याच आठवड्यात त्याच धड्याचे पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. दोन वेगळे अभ्यास करूच नका.

गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, भौतिक आणि रसायनच्या मिळून १०० प्रश्नांना प्रत्येकी १. गणिताला वेळ त्या हिशोबाने द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी गणितातले इंग्रजी शब्द अकरावीपासूनच वहीत उतरवावेत.

डिसेंबरपर्यंत अभ्यासक्रम संपवा. जेईई देणाऱ्यांनी जानेवारी तिला द्यावा. त्यानंतर बोर्ड संपेपर्यंत लेखी सराव, आणि मग सीईटीपर्यंत रोज सराव परीक्षा. बोर्डाला हलके समजू नका: एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशासाठी अनुसूचित जाती-जमातींना बारावीत ६५ टक्के गुण किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

आणखी एक तयारी क्लासवाले शिकवत नाहीत. राखीव जागेवरच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. बारावीत असतानाच अर्ज करा. चांगले पर्सेंटाइल मिळवूनही कागदासाठी जागा गमावणे आपल्याला परवडणारे नाही. बार्टीचे मोफत प्रशिक्षण, समाजकल्याणची वसतिगृहे आणि स्वाधार योजना यांची माहिती काढा, ती शेजारच्यालाही द्या.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा विहारातल्या अभ्यासिकेला द्या. जुन्या प्रश्नपत्रिका, इंटरनेट आणि अभियांत्रिकीला शिकणारा आपलाच एखादा दादा किंवा ताई, एवढ्यावर सुरुवात होते. ‘शिका’ हा आदेश एकट्याने पाळायचा नसतो. त्याच्यासोबत ‘संघटित व्हा’ हेही आहे.

जय भीम!