उताराची साक्ष

७ ऑक्टोबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर क्लीव्हलंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात रॉजर क्लेमन्स तिसऱ्या डावातच मैदान सोडून बाहेर गेला. मांडीमागचा स्नायू दुखावला होता. वय पंचेचाळीस. त्या हंगामात त्याच्या खात्यावर सहा विजय आणि सहाच पराभव जमा होते. जेमतेम दहा आठवड्यांनी, १३ डिसेंबरला, माजी सिनेटर जॉर्ज मिचेल ह्यांचा बेसबॉलमधील उत्तेजकांवरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात क्लेमन्सचे नाव होते. त्यानंतर तो वरच्या दर्जाचा एकही सामना खेळला नाही. थकलेल्या शरीराची निवृत्ती आणि डागाळलेल्या नावाची निवृत्ती ह्या दोन्ही गोष्टी अशा एकाच हिवाळ्यात उरकल्या, आणि पुढे लोकांच्या मनात त्यांची जी सरमिसळ झाली ती अद्याप सुटलेली नाही.

आपल्याकडील वाचकांस बेसबॉल परका, म्हणून थोडे सांगणे अगत्याचे आहे. ह्या खेळात चेंडू फेकणारा तो पिचर. फलंदाजाला चेंडू मारू न देता त्याने बाद केले की तो स्ट्राइकआउट. पिचरची प्रत मोजण्याचे रूढ माप म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खाती पडणाऱ्या धावांची सरासरी. ती जितकी कमी, तितका पिचर मोठा. दोनच्या आसपासची सरासरी असामान्य आणि चारच्या वरची साधारण, असे ढोबळमानाने म्हणता येईल. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाप्रमाणे ह्याचाही खांदा आणि कोपर सततच्या ताणाने झिजतात. तिशी ओलांडली की वेग ओसरू लागतो आणि चाळिशी गाठणारे विरळा. उतार हा ह्या धंद्याचा धर्मच आहे.

क्लेमन्सचा पहिला उतार त्याच्या तिशीतच आला होता. बॉस्टनकडून खेळताना १९८६ साली त्याने एका सामन्यात वीस स्ट्राइकआउट मिळवून विक्रम केला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पारितोषिक १९८६, १९८७ व १९९१ असे तीनदा पटकावले. परंतु १९९३ ते १९९६ ह्या चार हंगामांत मिळून त्याचे विजय चाळीस आणि पराभव एकोणचाळीस. बॉस्टनच्या व्यवस्थापनाने हा सूर्य मावळतीला लागला असे मानून त्याला जाऊ दिले. तो टोरोंटोस गेला. १९९७ साली तिथे त्याने एकवीस सामने जिंकले, सात हरले आणि सरासरी राखली २.०५. पुढल्या वर्षी वीस विजय व सहा पराभव. दोन्ही वर्षी साय यंग त्याच्याकडेच आले. २००१ मध्ये न्यूयॉर्ककडून सहावे आणि २००४ मध्ये, बेचाळीस वर्षांचा असताना, ह्यूस्टनकडून सातवे. २००५ साली तर त्याची सरासरी होती १.८७.

हा दुसरा बहरच पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याचा प्रशिक्षक ब्रायन मॅकनामी ह्याने मिचेल ह्यांना सांगितले की १९९८, २००० आणि २००१ ह्या वर्षी आपण स्वतः क्लेमन्सला उत्तेजकांची इंजेक्शने दिली. क्लेमन्सने हे ठामपणे नाकारले, आजवर नाकारले आहे.

जानेवारी २००८ मध्ये त्याच्या प्रतिनिधींनी आकडेवारीने भरलेले एक लांबलचक टिपण प्रसिद्ध केले. नोलन रायनसारखे काही मोठे पिचर चाळिशीतही उत्तम खेळले, तेव्हा क्लेमन्सच्या आलेखात नवल ते काय, असा त्याचा मथितार्थ. त्यास उत्तर दिले पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील चार अभ्यासकांनी. एरिक ब्रॅडलो, शेन जेन्सन, जस्टिन वुल्फर्स आणि अब्राहम वायनर ह्यांचे म्हणणे असे की, तुम्ही तुलनेसाठी निवडलेत तेच मुळी म्हातारपणी यशस्वी झालेले लोक. मग निष्कर्ष दुसरा कोणता निघणार? दीर्घकाळ खेळलेल्या सर्वच पिचरांशी तुलना केली तर चित्र पालटते. इतरांची कामगिरी आधी सुधारते आणि मग घसरते. क्लेमन्सची आधी घसरली आणि मग सुधारली. मात्र तेवढ्यावरून तो दोषी वा निर्दोष ठरत नाही, हेही त्यांनी नमूद केले. ह्या वाक्याकडे बहुतेकांनी काणाडोळा केला.

आम्हांस ह्या वादातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच वाटते. तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. पुनरुज्जीवनाचा सर्वांत झळाळता हंगाम १९९७ चा, तो मॅकनामीच्या आरोपाच्याही आधीचा. ज्याला पहिला उतार म्हणतात त्याच्या अखेरच्या वर्षी, १९९६ साली, क्लेमन्सने एका सामन्यात वीस स्ट्राइकआउट मिळवण्याचा आपलाच पराक्रम पुन्हा केला होता आणि आपल्या लीगमध्ये सर्वाधिक स्ट्राइकआउट त्याचेच होते. म्हणजे तो उतारही दिसला तितका खरा नव्हता. उलट १९९८ पाहा. हंगामाच्या पूर्वार्धात सहा विजय व सहा पराभव, आणि आरोपात जो उन्हाळा सांगितला आहे त्यानंतर चौदा विजय व पराभव एकही नाही. एक तारीख आरोपीच्या बाजूने बोलते, दुसरी फिर्यादीच्या. आणि २००७ ची घसरण? पंचेचाळिसाव्या वर्षी शरीराने हार मानणे हा कोणत्या गुन्ह्याचा पुरावा? परंतु संशयाचे भिंग एकदा हाती आले की चढ दिसला तर औषध घेतले असे म्हणता येते, आणि उतार दिसला तर औषध सुटले असे म्हणता येते. जे विधान कोणत्याच आकड्याने खोटे ठरू शकत नाही, ते आकड्यांनी खरेही ठरत नाही.

मग खरे-खोटे ठरवायचे कशाने? त्याचे साधन होते, पण ते वापरले गेले नाही. १९९१ साली बेसबॉलचे आयुक्त फे व्हिन्सेंट ह्यांनी स्टेरॉइडे निषिद्ध असल्याचे परिपत्रक काढले. त्यासोबत चाचणीची तरतूद नव्हती. २००३ साली पहिल्या सरसकट चाचण्या झाल्या, त्या निनावी. नावानिशी चाचण्या २००४ पासून, पहिल्याच दोषाला निलंबन २००५ पासून. वाढीच्या संप्रेरकासाठी रक्त तपासणे तर २०१२ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात मैदाने भरत होती, विक्रम मोडत होते. मालक खूष, खेळाडूंची संघटना चाचण्यांस नाखूष, आणि आम्ही लेखणीवालेही टाळ्या वाजवण्यात दंग. ज्या वर्षी जाणून घेणे शक्य होते त्या वर्षी कोणासच जाणून घ्यायचे नव्हते.

त्याचा हिशेब न्यायालयात चुकता झाला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर खोटे बोलल्याचा ठपका क्लेमन्सवर आला. २०११ चा पहिला खटला रद्दबातल झाला. दुसऱ्यात त्याचा जुना मित्र अँडी पेटिट साक्षीस उभा राहिला. क्लेमन्सने आपल्यापाशी कबुली दिल्याचे त्याने पूर्वी सांगितले होते. उलटतपासणीत मात्र, आपण चुकीचे ऐकले असण्याची शक्यता निम्मीनिम्मी आहे, हे त्याने मान्य केले. १८ जून २०१२ रोजी ज्यूरीने क्लेमन्सला सहाही आरोपांतून मुक्त केले. तरी कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिराचे दार उघडले नाही. तिथे पंचाहत्तर टक्के मते लागतात. २०१३ साली त्याला ३७.६ टक्के मिळाली आणि २०२२ च्या दहाव्या व शेवटच्या खेपेस ६५.२. त्यानंतर त्याचे नाव निवड समितीपुढे गेले, तेही फळले नाही. ३५४ विजय आणि ४६७२ स्ट्राइकआउट नोंदवहीत जसेच्या तसे आहेत.

क्लेमन्स निर्दोष होता असे आमचे प्रतिपादन नाही. तो दोषी होता असेही नाही. आमची तक्रार निराळी आहे. ज्यांनी वेळीच तपासले नाही त्यांनी दोषी माणसाची शिक्षा तर टाळलीच, पण निर्दोष माणसाचा निर्दोषपणा सिद्ध होण्याची वाटही कायमची बुजवली. त्या काळात इमानाने खेळून चाळिशीत बहरलेला एखादा पिचर असेलच. त्याच्याकडेही आज आपण त्याच डोळ्यांनी पाहतो. वार्धक्याला हरवणाऱ्या माणसाकडे पाहून निखळ थक्क होणे हा खेळाने दिलेला एक जुना आनंद होता. तो गेला, आणि तो कोणी नेला ह्याचे उत्तर एका पिचरच्या दंडात शोधून सापडण्यासारखे नाही.