स्वस्त तबकड्यांचा ताफा

संगणकाच्या तबकडीचा इतिहास १९५६ सालच्या 'रामॅक' यंत्रापासून सांगावयाचा, असा प्रघात आहे. आय. बी. एम. कंपनीच्या त्या यंत्रांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकाच दांड्यावर फिरत, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. पुढील तीस वर्षांत तबकडीची धारणशक्ति कित्येक पटींनीं वाढली. परंतु जी माहिती गमावून चालणार नाहीं ती एकाच मोठ्या, भारी किंमतीच्या व कसून घडविलेल्या यंत्रावर ठेवावी, ही समजूत बहुतेक ठिकाणीं कायम राहिली. तिला खरा धक्का दिला तो बर्कले येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी काट्झ या तिघांच्या एका लहानशा निबंधानें. १९८७ च्या अखेरीस तो विश्वविद्यालयाचा अहवाल म्हणून निघाला व १९८८ त शिकागोच्या परिषदेंत विद्वानांपुढें आला.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. आय. बी. एम.च्या ३३८० या थोरल्या तबकडींत ७,५०० मेगाबाइट माहिती राही. घरगुती संगणकांत बसणाऱ्या कॉनर कंपनीच्या छोट्या तबकडींत १००. म्हणजे पाऊणशें लहान तबकड्या एकत्र जुंपल्या तर धारणशक्ति तितकीच; पण माहितीची ने-आण बारा पट होऊं शकते, आणि विजेचा व पैशाचा खर्च कमी. येथवर हिशेब कोणासही पटेल. पण निबंधांत लागलाच जो दुसरा हिशेब मांडला आहे तो पहिल्याच्या मुळावरच येतो, आणि लेखकांनीं तो झांकून ठेवला नाहीं याबद्दल त्यांचें कौतुक करावेंसें वाटतें. एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकते असें धरलें, तर शंभर तबकड्यांच्या ताफ्यांत कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे पुरते दोन आठवडे होण्यापूर्वींच, दगा देणार. ताफा जितका मोठा तितका घात जवळ.

यावरील उतारा शाळकरी मुलासही समजेल इतका सोपा आहे. तीन तबकड्यांवर एकाच जागीं अनुक्रमें १, ० व १ असे अंक आहेत असें समजा. चौथीवर असा अंक लिहावयाचा कीं चारींतील एकांची संख्या सम व्हावी. येथें तो ० येतो. आतां दुसरी तबकडी मेली. उरलेल्या तिहींवर १, १ व ० आहेत. एक दोनच, म्हणजे सम. तेव्हां हरवलेला अंक ० च असला पाहिजे. या चौथ्या अंकास पॅरिटी म्हणतात. निबंधांत संरक्षणाच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलींत प्रत्येक तबकडीस हुबेहूब जोडीदार द्यावयाची; निम्मी जागा तेथेंच खर्ची पडते. मधल्या पायऱ्यांवर रेंगाळण्याचें कारण नाहीं. चौथींत पॅरिटी एकाच तबकडीवर असल्यामुळें प्रत्येक लेखनास तिच्याच दारांत रांग लावावी लागते. पांचवींत ती सर्व तबकड्यांवर वांटून दिली आणि रांग मोडली. मात्र लहानसा फेरफार करावयाचा झाला तरी जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी माहिती लिहा, नवी पॅरिटी लिहा, असे चार फेरे पडतात.

ही युक्ति मूळची बर्कलेचीच, असें पुष्कळदां समजलें जातें, तें बरोबर नाहीं. बंद पडलेल्या साठ्यांतील माहिती परत मिळविण्याच्या पद्धतीचें पेटंट आय. बी. एम.चे नॉर्मन केन औची यांस १९७८ सालींच मिळालें होतें, आणि जोड-तबकड्या तर टँडेम कंपनी आधींपासून विकत होती. बर्कलेच्या तिघांनीं विखुरलेल्या युक्त्यांस क्रम, किंमतीचा हिशेब आणि 'रेड' हें नांव दिलें. आमच्या मतें हें श्रेय लहान नाहीं. त्या नांवांत 'स्वस्त' हा शब्द होता. ताफे चढ्या दरानें विकणाऱ्या कारखानदारांस तो अडचणीचा वाटला असावा. कारण पुढें इंग्रजींतील त्याच आद्याक्षराचा 'स्वतंत्र' असा अर्थ रूढ झाला!

१९८९ त कॉम्पॅक कंपनीच्या 'सिस्टिमप्रो' यंत्राबरोबर ताफा हांकणारा खास कंट्रोलर बाजारांत आला, आणि विद्यापीठांतील ही चर्चा कचेरींतील नित्याचें काम होऊं लागली. या कंपनीच्या परंपरेंतील कंट्रोलरांत खऱ्या तबकड्यांचा प्रथम ॲरे बांधावयाचा. मग त्यांतून एक किंवा अनेक लॉजिकल ड्राइव्ह कोरून प्रत्येकास संरक्षणाची पायरी नेमून द्यावयाची. संगणकास पुढें दिसतात ते हे लॉजिकल ड्राइव्हच. मागें तबकड्या सहा आहेत कीं सोळा, त्यांतील एखादी मेली आहे कीं काय, याची त्यास दादही नसते. सोय मोठी खरी, पण फसगतही येथेंच होते. एकाच ॲरेंतून दोन ड्राइव्ह कोरून एकावर मूळ दफ्तर व दुसऱ्यावर त्याची नक्कल ठेवणारे महाभाग आढळतात. नांवें दोन झालीं तरी दोहोंचा भार त्याच तबकड्यांवर. पांचव्या पायरीच्या ताफ्यांत एकीच्या पाठोपाठ दुसरी गेली कीं मूळ आणि नक्कल एकदमच बुडतात. शिवाय चुकून पुसलेलें दफ्तर कंट्रोलर तितक्याच इमानानें सगळीकडून पुसतो. त्यावर पॅरिटीचा इलाज नाहीं.

दुसरी तबकडी इतक्या लवकर कशी जाईल, असें कोणी विचारील. साधारण प्रतीच्या तबकडीविषयीं कारखानदार सांगतात तें असें, कीं वाचलेल्या एक कोटि कोटि बिटांत न वाचतां येणारी चूक एकीहून अधिक नसावी. एक कोटि कोटि बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. १९८८ त ही संख्या कोणाच्या खिजगणतींतही नव्हती. आतां आठ टेराबाइटांच्या सहा तबकड्यांचा पांचव्या पायरीचा ताफा घ्या. एक मेली, नवी बसविली. ती भरून काढण्यासाठीं उरलेल्या पांच तबकड्यांवरील चाळीस टेराबाइट एकूणएक वाचले पाहिजेत, आणि त्या तासांत ताफ्यास कसलाही आधार नसतो. म्हणून मोठ्या तबकड्यांच्या ताफ्यांत आतां दुहेरी पॅरिटीची सहावी पायरी पसंत करतात. तींत दोन तबकड्यांची जागा जाते, लेखनाचे फेरे चारांचे सहा होतात, आणि खर्चाचा तक्ता पाहणारा साहेब बहुधा या दोन तबकड्यांवरच प्रथम बोट ठेवतो.