शकुंतलेची बोली

जत्रेच्या नाटकांत पेटी धरणारा मी अणशीचा माणूस. कचेरीत कानडी, घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, हे आमच्या जोयडा तालुक्याचं रोजचंच. त्यामुळे कालिदास मला कधी परका वाटला नाही. 'अभिज्ञानशाकुंतला'त दुष्यंत संस्कृत बोलतो, कण्वही संस्कृत. शकुंतला आणि तिच्या सख्या मात्र प्राकृतात बोलतात. नवऱ्याची भाषा एक, बायकोची दुसरी, तरी गांधर्वविवाह बिनबोभाट पार पडतो. अडतं ते अंगठी हरवल्यावर.

हे नाटक मराठीत गाजवलं बेळगावकडच्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी. त्यांचा जन्म १८४३ चा. त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. तेही कशावरून? आदल्या वर्षी सांगलीत येऊन गेलेल्या भागवत मेळ्याचे खेळ पाहून पटवर्धन राजांनी तसं काही मराठीत करायला सांगितलं म्हणून. तो मेळा आमच्याच जिल्ह्यातला, होन्नावरजवळच्या कर्कीचा. रंगभूमीचा इतिहास लिहिणारे कर्कीला एका ओळीत उरकतात, याचा मला जरा रागच आहे.

भाव्यांच्या खेळात गाणं सूत्रधाराच्या गळ्यात. अण्णासाहेबांनी पदं थेट पात्रांच्या तोंडी दिली: साकी, दिंडी, शिवाय कानडी मुलखातल्या चाली. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिले चार अंक झाले. म्हणजे शकुंतला सासरी निघाली आणि पडदा पडला. राजा तिला ओळख देत नाही, ते पाचव्यात. डोळे पुसत घरी जायला प्रेक्षकांना चौथा पुरेसा झाला असणार. आमच्याकडेही तसंच होतं.

पण मराठीत राजा आणि शकुंतला एकाच भाषेत गाऊ लागले. गाणं मिळालं, बोलीतलं अंतर गेलं. मला ते सहाव्या अंकात फार जाणवतं. रोहित माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते, शिपाई कोळ्याला चोर म्हणून बांधून आणतात, आणि राजानं बक्षीस देताच कोळ्याच्याच पैशांनी प्यायला गुत्त्याकडे वळतात. या कोळ्यालाही कालिदासानं प्राकृतच दिली आहे. म्हणून तालमीत आमचा कोळी कारवारी कोंकणीत सुटला की मी त्याला अडवत नाही. दिग्दर्शक कुरकुरतो. शिपायांना कानडी देऊ या, असंही मी त्याला सुचवून ठेवलं आहे.