मूत्रपिंड निकामी झालेल्यांतील अपचन व जठरसंसर्ग

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना वारंवार होणारा पचनसंस्थेचा त्रास. सकाळची मळमळ, करपट ढेकर, दोन घास खाताच पोट गच्च होणे, अन्नावरची वासना उडणे ही त्याची लक्षणे. घरोघरी हे ‘पित्त’ म्हणून सोडून दिले जाते; पण कित्येकांचा मूत्रपिंडाचा आजार उघडकीस येतो तो याच तक्रारींतून.

लघवीवाटे बाहेर न पडलेला युरिया रक्तात साठतो आणि लाळेतही उतरतो. तोंडातील जिवाणू त्यापासून अमोनिया तयार करतात. तोंडाची चव जाते, श्वासाला लघवीसारखा दर्प येतो. जठर रिकामे होण्याची गती मंदावते, मधुमेहींत विशेष. लोहाच्या आणि फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्यांनी मळमळ व बद्धकोष्ठाची भर पडते.

जठरातील संसर्गाचा मुख्य जंतू हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू युरियाचे विघटन करतो, त्यातून निघालेला अमोनिया भोवतालचे आम्ल शमवतो आणि जंतू तगून राहतो. युरियाचा एवढा साठा असताना तो या रुग्णांत फोफावत असेल, असा तर्क सहज होतो. डायलिसिसवरील रुग्णांच्या अनेक पाहण्यांत मात्र त्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमीच आढळले. म्हणून प्रत्येक अपचनाचे खापर जंतूवर फोडणे चूक. आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी हवी. संसर्ग आढळल्यास प्रतिजैविकांची निवड व मात्रा मूत्रपिंडांची स्थिती पाहूनच ठरते.

खरा धोका घरगुती उपायांत आहे. एरवी गुणकारी असलेल्या शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. ते रक्तात साठले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतते. खायच्या सोड्यातील सोडियमने सूज व रक्तदाब वाढतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असलेली पातळ औषधेही शरीरात साचतात. ॲल्युमिनियम साचल्याने डायलिसिसच्या रुग्णांचा मेंदू व हाडे बाधित होतात, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. पोटदुखीवर घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी तर जठराला व्रण पाडते आणि उरलेसुरले मूत्रपिंडही खालावते. जुलाब झाले तरी पाणी, ओआरएस किती घ्यायचे हे डॉक्टरांनीच सांगावे: डायलिसिसवरील रुग्णाला ते जास्त होऊ शकते, तर डायलिसिस न लागलेल्याची मूत्रपिंडे पाणी कमी पडल्याने झपाट्याने ढासळतात.

डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी म्हणजे आतील रक्तस्राव. पोटातून डायलिसिस करणाऱ्याचे पोट दुखून बाहेर येणारे पाणी गढूळ दिसले, तर ते अपचन नव्हे, पोटाच्या आवरणाचा संसर्ग समजावा. छातीतली जळजळ हृदयविकाराचीही असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि मेडिकलमधून पित्ताची साधी गोळी घेण्याआधीही आपल्या किडनीतज्ज्ञाला विचारावे.